आधी उघडणावळ द्या

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जेट-स्की चालवून पोट भरणाऱ्या सर्व जलक्रीडा व्यावसायिकांना,



ऑगस्ट लागला की माझ्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. मेअखेरीला सीझन बंद होतो, पॅराशूट, बनाना, बंपर सगळं गुंडाळून माळ्यावर जातं आणि मे महिनाभर कशीबशी रेटलेली मशीनं झावळांच्या मांडवाखाली उभी राहतात. जून-जुलैत त्यांची आठवण कुणाला येत नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली, सप्टेंबर दिसायला लागला, की एकेक जण टेम्पोत मशीन घालून येतो. टेम्पोचं फाळकं अजून खाली पडलेलं नसतं तेवढ्यात प्रश्न येतो, "मेस्त्री, कितके जातले?"

मी म्हणतो, "उघडून बघल्याशिवाय सांगूक येवचा नाय." हे ऐकून तुमचा चेहरा पडतो. मेस्त्री टाळाटाळ करतोय असं तुम्हाला वाटतं. आणि उघडायचे पैसे कुणी द्यायचे हे आपल्यात कधीच ठरलेलं नसल्यामुळे मलाही पुढे बोलवत नाही. बरीच वर्षं हे असंच चाललं आहे. या पत्रात तेवढं एक ठरवून टाकू, असा माझा विचार आहे.

मी मूळचा ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांचा माणूस. पाण्यात चालणारं इंजिन रस्त्यावरच्या इंजिनापेक्षा निराळ्या रीतीने मरतं, हे मला तिथेच कळलं. १९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा बंदरावर आम्ही हसलो होतो. पुढे ज्यांच्या वडिलांनी रापण ओढली त्यांची मुलं लाइफ जॅकेटच्या चळती लावायला लागली, आणि माझ्याकडे ट्रॉलरच्या इंजिनांशेजारी ही रंगीबेरंगी मशीनं येऊ लागली. 'जेट-स्की' हे खरं तर कावासाकीचं व्यापारी नाव. यामाहाच्या मशीनला वेव्हरनर म्हणायचं आणि बीआरपीच्या मशीनला सी-डू. पण कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणत आलो, तसंच हे. मी या पत्रात सगळ्यांना जेट-स्कीच म्हणणार आहे.

गेल्या नाताळातली गोष्ट सांगतो. देवबागच्या संगमावर एक मशीन उलटलं. पर्यटक पाण्यात, लाइफ जॅकेट अंगात, इजा काही नाही. आपल्याच एका पोराने ते सरळ केलं, पण उलट्या बाजूने. मशीनच्या मागच्या अंगाला बाणाचं स्टिकर असतं, कुठल्या बाजूने वळवायचं ते दाखवणारं. ते स्टिकर उन्हाने केव्हाच पांढरं पडलेलं. उलट्या बाजूने फिरवलं की सायलेन्सरच्या डब्यात साठलेलं पाणी एक्झॉस्टमधून मागे इंजिनात उतरतं. पोराला ते माहीत नव्हतं. मागे गिऱ्हाइकांची रांग उभी. त्याने स्टार्टरचं बटण दाबलं. इंजिन फिरलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. चौथ्या वेळी आतून 'टक्' असा आवाज आला आणि त्यानंतर मशीन चक्क चालू झालं. पोर खूश. संध्याकाळपर्यंत त्यावर फेऱ्या मारल्या. दोन दिवसांनी इंजिन बसलं.

त्या 'टक्'मध्ये काय झालं ते मी मालकाला टेबलावर दाखवलं. हेड उतरवलं आणि क्रँक हाताने फिरवून एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणला. तीन पिस्टन ब्लॉकच्या काठाशी बरोबर येऊन थांबले. चौथा दीड मिलिमीटर खालीच अडला. डेप्थ गेज नसती तरी बोट फिरवून कळलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर रेटला की कुणाला तरी वाकावं लागतं, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. वाकलेल्या रॉडवर इंजिन चालतं, हीच तर खरी अडचण. पिस्टन तिरका घासत राहतो, बेअरिंगवर एका बाजूने भार येतो आणि दोन दिवसांनी बिल येतं. पहिल्या 'टक्'ला थांबला असता तर एक रॉड आणि पॅकिंग यावर भागलं असतं. आता बोअर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग सगळं आलं.

तो मालक मला म्हणाला, "मेस्त्री, करून टाका. गेल्याच वर्षी त्याच्यात पावणेदोन लाख घातलेत." मला पत्र लिहावंसं वाटलं ते या वाक्यामुळे.

गेल्या वर्षी घातलेले पावणेदोन लाख गेले. ते इंजिन दुरुस्त केलं तरी परत येत नाहीत, भंगारात दिलं तरी परत येत नाहीत. लग्नात झालेला खर्च मोजून कुणी बारशाचा बेत ठरवत नाही. तरी इंजिनाच्या बाबतीत आपण तेच करतो, आणि मीही केलेलं आहे. मशीन उघडून पुढ्यात पडलेलं असताना एकच हिशेब धरायचा: आजपासून पुढे.

तो हिशेब मी असा करतो. आकडे समजा म्हणून घेतो, प्रत्येकाचे वेगळे असतील. तुमच्यासारखंच, त्याच सालचं, चालू स्थितीतलं मशीन आज बाजारात सात लाखांना मिळतं असं धरू. तुमचं बंद मशीन आहे तसं, म्हणजे बॉडी, पंप, सीट, ट्रॉली, वायरिंग, सगळं मिळून कुणी अडीच लाखांना नेईल. फरक साडेचार लाखांचा. इंजिनकामाचा खर्च त्या फरकाच्या बऱ्यापैकी आत बसला पाहिजे. मी तीन लाख सांगितले तर तुम्ही मनात साडेतीन-पावणेचार धरा, कारण उघडल्यानंतरही काही गोष्टी बाहेर काढल्यावरच दिसतात. खर्च फरकाच्या जवळ जायला लागला तर दुसरं चालू मशीन घेणं शहाणपणाचं, कारण दुसरं मशीन आज घेतलं तर उद्या पाण्यात जातं. इंजिनकामाला सुटे भाग यायला वेळ लागतो, आणि दिवाळीचा आठवडा हुकला तर त्या आठवड्याचे पैसेही खर्चातच धरायचे. नवं मशीन घेणं म्हणजे वेगळीच उडी, कर्ज आणि हप्ते आले. तो हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता.

या हिशेबात सगळ्यात जास्त विसरली जाते ती बंद मशीनची किंमत. मेलेल्या म्हशीचंही चामडं विकलं जातं. चांगली बॉडी, न घासलेला इंपेलर, चालू ईसीयू, शाबूत वायरिंग यांना गिऱ्हाईक असतं. एकाच मॉडेलची दोन मशीनं असतील तर मेलेलं मशीन जिवंत मशीनसाठी सुट्या भागांचं कपाट होतं. तारकर्लीत एक जण असं तीन मशीनांवर दोन चालवतो आणि बरं चालवतो.

आता आकड्यांच्या आधीची गोष्ट. इंजिन का मेलं? मला विचाराल तर 'कितके जातले' हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, ते मेलं कशाने. दुसरा, बाकीचं मशीन कसं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर न शोधता बांधलेलं इंजिन त्याच दुखण्याने पुन्हा मरतं, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून झालेलं आहे.

ते एक जुनं टू-स्ट्रोक होतं, दोन सिलिंडरांचं. एका बाजूचा पिस्टन एक्झॉस्टच्या अंगाला घासून सिलिंडरला चिकटला होता. मालकाला घाई, मलाही घाई. बोअर मारला, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातला, रिंगा, पॅकिंग, सगळं नवं. मशीन इतकं गोड चाललं की मीच त्यावर एक चक्कर मारून आलो. तिसऱ्या दिवशी तोच सिलिंडर, तोच पिस्टन, त्याच जागी घासलेला. मग जे आधी करायचं ते नंतर केलं. सगळी तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये पाच-सहा पौंड हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. पुढच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे. टू-स्ट्रोक इंजिनाचं क्रँककेस हवाबंद लागतं. सीलमधून हवा आत शिरली की पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडतात, पिस्टन तापतो, अल्युमिनियम मऊ होतं आणि भिंतीला चाटतं. काही शेकड्यांचं सील. त्यापायी सगळं काम दुसऱ्यांदा माझ्या खिशातून झालं. त्यानंतर हवा भरून बघितल्याशिवाय मी एकही टू-स्ट्रोक बांधलेलं नाही.

म्हणून मरणाची कारणं वाचायला तुम्हीही थोडं शिका. प्लग काढून बघायला माझी गरज नाही. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. अशा वेळी इंजिन चालवून बघायचं नाही, मला फोन करायचा. पिस्टनवर चार बाजूंना ओरखडे असतील तर इंजिन थंड असताना कुणीतरी पूर्ण रेस दिली आहे. पिस्टन भराभर फुगतो, सिलिंडर मागे राहतो. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आपण हेच करतो ना? पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं असेल तर मिश्रण पातळ झालं होतं किंवा पेट्रोल भलत्या वेळी पेटत होतं. आणि सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस टिकल्या दिसल्या, तर मशीन बुडालं होतं आणि कुणीतरी ते लपवलं.

बुडालेल्या मशीनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. बुडाल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे. त्या वेळेत प्लग काढून पाणी बाहेर फेकलं, ऑइल तीन-चार वेळा बदललं, आत तेलाचा फवारा मारला, तर बहुतेक इंजिनं उघडावी न लागता वाचतात. तेवढं जमणार नसेल तर इंजिन हवेत वाळत ठेवू नका. गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेलं परवडलं. खारं पाणी आणि हवा एकत्र आली की बेअरिंगच्या रोलरवर एका रात्रीत डाग पडतात. तुम्ही मात्र काय करता? मशीन ओढून मांडवात नेता, ताडपत्री टाकता आणि "पाऊस गेल्यावर बघू" म्हणता. तीन महिन्यांनी माझ्याकडे येतं ते इंजिन नसतं, मिठाची वडी असते.

दुसरं मोठं कारण वाळू. यामाहा आणि कावासाकीची मशीनं समुद्राचंच पाणी पंपाच्या जोराने इंजिनातून फिरवतात. सी-डूच्या फोर-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनात आतलं कूलंट वेगळं आणि बंद असतं, तरी एक्झॉस्ट थंड करायला बाहेरचंच पाणी लागतं. कंपन्यांची पुस्तकं सांगतात की मशीनखाली किमान ६० ते ९० सेंटीमीटर पाणी हवं. आणि आपण ओहोटीला त्सुनामी आयलंडच्या वाळूवर गुडघाभर पाण्यात गिऱ्हाईक बसवतो आणि तिथूनच रेस मारतो. पंप पाण्याबरोबर वाळूही ओढतो. ती बारीक नळ्यांत बसते, इंपेलरच्या कडा खाते, वेअर रिंग घासते. एक दिवस पाणी कमी पडतं, इंजिन तापतं, हेड वाकतं. त्यात तो अलार्म. कित्येक मशीनांवर अलार्मची वायर कापलेली मी बघितली आहे, "सारखा वाजता म्हणून." तो सारखा वाजत होता कारण इंजिन सारखं तापत होतं.

धुण्याचंही तेच. इंजिन आधी चालू करायचं, मग नळ सोडायचा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं की पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरकडे जातं आणि घरच्या अंगणात मशीन बुडतं. आणि पाणी गोडं लागतं. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी असलेल्या देवबागच्या पट्ट्यात मे महिन्यात काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्याच पाण्याने मशीन धुऊन समाधान मानणारे लोक मला माहीत आहेत. चाखून बघा आधी.

पेट्रोलचं कारण नवं आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. बहुतेक जेट-स्कींच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं छापलेलं आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत दुसरं काय असतं! ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं. सप्टेंबरात पहिली सेल्फ मारली की आधी तेच इंजिनात जातं. सीझन संपताना टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटर असेल तर तोही. मोटरसायकलमध्ये ओता, वाया जात नाही.

दुसरा प्रश्न, बाकीच्या मशीनचा. वासे वाळवीने पोखरलेले असताना कुणी नवी कौलं चढवत नाही. इंजिन उतरवलं की बॉडीच्या आत उजेड पडतो. तेव्हा बघा: तळाला तडे आहेत का, पंपाचा गाळा सैल झालाय का, वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज चढलाय का, स्टिअरिंगची केबल आखडलीय का. अवरमीटर किती दाखवतो? तो बदललेला तर नाही? आपल्याकडे जुनी मशीनं परजिल्ह्यातून, परदेशातून येतात तेव्हा त्यांचा मागचा इतिहास कागदावर नसतो. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यांवरून मला तो थोडाफार वाचता येतो.

आणि सुटे भाग. होंडाने २००२ मध्ये अ‍ॅक्वाट्रॅक्स आणली आणि २००९ नंतर बंद केली. पोलारिसने तर २००४ मध्येच जेट-स्की बनवणं सोडलं. स्वस्त मिळालं म्हणून असलं मशीन घेणाऱ्याला मी सांगतो, बाबा, हे घोडं चांगलं असेल, पण याचा नाल ठोकणारा गेला. त्यावर पूर्ण इंजिनकाम करायचं झालं तर आधी पिस्टन, रिंगा, पॅकिंगचा सेट हातात येऊ दे, मग इंजिन उघडू. चालू बनावटीच्या मशीनला भाग मिळतात, पण सिलिंडर कुठल्या जातीचा आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. आत ओतीव लोखंडाची स्लीव्ह असेल तर आपल्याकडचा चांगला लेथवाला बोअर मारून देतो. भिंतीवर नुसतं कठीण कोटिंग असेल तर बोअर मारता येत नाही. ते पुन्हा चढवायला बाहेर पाठवावं लागतं, नाहीतर सिलिंडरच बदलावा लागतो. ओरखडा नखाला लागतो की नुसता डोळ्याला दिसतो, एवढ्यावर कधी कधी लाखाचा फरक पडतो. मी तुमचा हात धरून तुमचंच नख भिंतीवरून फिरवतो, ते उगाच नाही.

पूर्ण इंजिनच दुसरं घालावं का, असंही विचारता. जुनं चालू इंजिन चांगलं मिळालं तर मी ते नाकारत नाही. मात्र कॉम्प्रेशन माझ्यासमोर मोजायचं. सगळ्या सिलिंडरांचं दहा टक्क्यांच्या आत सारखं यायला हवं. नुसता एक आकडा मोठा असून उपयोग नाही. इंजिन आणि ईसीयू एकाच सालचे नसले तर वायरिंगचा घोळ होतो. सी-डूत किल्लीच संगणकाला ओळख देते, म्हणजे तीही बघावी लागते. इंजिन नंबर बदलला की विम्याच्या आणि परवान्याच्या कागदांवर तो करून घ्या. अपघात झाल्यावर जुळवाजुळव करायला बसू नका.

'हाफ इंजिन करा' हा तुमचा आवडता शब्द. वरचं काम, म्हणजे हेड, पिस्टन, रिंगा. खालचं, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग, तसंच ठेवायचं. कधी कधी हे बरोबर असतं. मशीन नुसतं तापलं असेल, पाणी गेलेलं नसेल, बेअरिंग हाताला गुळगुळीत लागत असेल, तर हाफ इंजिन पुरतं. खारं पाणी आत गेलेलं असेल तर नाही. नव्या पिस्टनचा जोर जुन्या डाग पडलेल्या बेअरिंगवर आला की ते महिन्याभरात बोलायला लागतं. तेव्हा हाफचे पैसे गेलेच, फुलचे वेगळे. टू-स्ट्रोकचा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो सुटा करून पुन्हा सरळ बांधणारे आता फार थोडे उरले आहेत. मी स्वतः ते काम करत नाही, बाहेर पाठवतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

इंजिन बांधून झालं तरी काम संपत नाही. इंजिन आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत बसला पाहिजे. त्यासाठी इंजिनाच्या पायांखाली पातळ शिम घालून जुळवावं लागतं. अर्धा दिवस जातो. बाहेरून कुणाला दिसत नाही, म्हणून या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला सगळ्यांच्या जिवावर येतं. रेष चुकली की शाफ्टचं बेअरिंग आणि सील जातं, सीलमधून पाणी बॉडीत येतं, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर पहिले काही तास मशीन दमाने चालवायचं. ते मी चालवतो किंवा तुम्ही चालवा. गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

हे सगळं करायचं कारण नुसते पैसे नाहीत. जेट-स्कीला सुकाणू नसतं. मागून जो पाण्याचा झोत निघतो तोच मशीन वळवतो. इंजिन बंद पडलं की झोत गेला, झोत गेला की हँडल कितीही फिरवा, मशीन आपल्या मार्गाने जात राहतं. गर्दीच्या दिवशी चिवल्याच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांच्या दिशेने येणारं मशीन मधेच बंद पडलं तर काय, याचा विचार करून मग 'चालेल तोवर चालू दे' म्हणा. ज्या इंजिनाबद्दल मला खात्री नाही ते मी "होऊन जाईल" म्हणून बांधत नाही.

निदान बांधू नये असं मला वाटतं. आणि इथे मी तुमच्याकडे मागणं मागायला आलो आहे.

आत्ता रीत अशी आहे: मेस्त्रीने इंजिन उघडायचं, बघायचं, आणि काम मिळालं तर मजुरी बिलात धरायची. काम नाही मिळालं तर उघडायची मेहनत फुकट. दोन दिवस उघडण्यात आणि मोजण्यात गेल्यावर "हे करू नका, विकून टाका" असं म्हणणाऱ्या मेस्त्रीच्या घरी चूल कशावर पेटणार? म्हणून मेस्त्री सांगतो, "करूया, होतला." मीही सांगितलेलं आहे. पहिल्या तासाभरात मला कळलेलं असायचं की या मशीनवर पैसे टाकणं म्हणजे खाडीत टाकणं, तरी घरी फी भरायची असायची आणि मी पिस्टनची ऑर्डर द्यायचो. कुणाच्या मशीनवर ते सांगत नाही. ज्यांचं होतं त्यांना आता वाचून कळेल, आणि ते शिव्या घालायला आले तर चहा पाजून ऐकून घेईन.

डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण "औषध घेतलं तरच देईन" म्हणत नाही. दळणावळ देतो, धुणावळ देतो, शिवणावळ देतो. तशी इंजिनाची उघडणावळ द्या. वेगळी, आधी ठरवलेली, काम करा अगर करू नका. यंदापासून माझ्याकडे तोच नियम आहे आणि रक्कम शेडच्या दारावर लिहिलेली आहे. त्या पैशांत मी इंजिन उघडीन, मोजीन, सगळे भाग टेबलावर मांडीन, आणि एका कागदावर लिहून देईन: कशाने मेलं, बाकीचं कसं आहे, हाफला किती, फुलला किती, आणि आहे तसं विकलं तर किती यावेत. तो कागद घेऊन तुम्ही कुडाळला जा, गोव्यात जा, दुसऱ्या मेस्त्रीकडून काम करून घ्या, मला वाईट वाटणार नाही. किनाऱ्यावरच्या बाकीच्या मेस्त्रींनाही मी हे सांगितलं आहे. काहींना पटलंय. काही म्हणाले, गिऱ्हाईक पळतील. पळतीलही.

नाताळातल्या त्या चौथ्या पिस्टनच्या मशीनचं काय झालं ते सांगायचं राहिलं. बॉडी चांगली होती, पंप नवा होता, वायरिंगला हात लावलेला नव्हता. कागदावर हिशेब बसला म्हणून फुल इंजिन केलं. मागच्या बाजूला नवं बाणाचं स्टिकर मी स्वतः लावलं आणि त्या पोराला बोलावून, मशीन ट्रॉलीवर असतानाच, दोनदा वळवण्याची खूण करून दाखवली.

आपला,
बंदरावरचा एक मेस्त्री

ता. क. मशीन आणताना टेम्पोत घालण्याआधी "एकदा चालू होतंय का बघू" म्हणून बटण दाबू नका. किल्ली काढून खिशात ठेवा आणि मशीन आहे तसं आणा. रविवारी शेड बंद असते.